श्रावणात गिल्गामेश लावायचा तर

पोथी लावायची रीत कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही. श्रावण लागेपर्यंत लावणी उरकलेली असते, बऱ्याच होड्या अजून झापांखाली शाकारलेल्या असतात आणि संध्याकाळी सातनंतर देवळाच्या सभामंडपात किंवा वाचनालयात वीस-पंचवीस माणसं निवांत बसू शकतात. आजच्या इराकच्या भूमीतलं हजारो वर्षांपूर्वीचं काव्य गिल्गामेश, त्याचं वाचन याच घडीत बसवावं. उरुक नगरीचा राजा गिल्गामेश, त्याचा मित्र एन्किडू. मित्र मरतो आणि राजा मरणाला भिऊन रानोमाळ पळत सुटतो, एवढीच गोष्ट. काव्याच्या सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला सांगितलं आहे की देवदाराची पेटी उघड, आतली लाजवर्द या निळ्या दगडाची पाटी उचल आणि गिल्गामेशने सोसलेलं सगळं वाचून काढ. ते मोठ्याने वाचावं. मनातल्या मनात वाचलं तर त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी कंटाळवाण्या वाटतात, माणूस चार पानं उलटतो आणि काव्य हातचं जातं. पुढे काय काय करायचं ते सांगितलं आहे, पण हट्ट एकाच गोष्टीचा आहे: पुन्हा येणाऱ्या ओळी कापू नका.

कोणता पाठ घ्यावा

या काव्याची एकच संहिता नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. सर्वांत जुनी ती सुमेरी भाषेतली पाच सुटी काव्यं. त्यांत एन्किडू हा गिल्गामेशचा चाकर आहे. मग इसवी सनापूर्वी 1800 ते 1700च्या सुमाराला जुन्या बाबिलोनी भाषेत सलग काव्य तयार झालं आणि चाकराचा मित्र झाला. त्यानंतर काही शतकांनी सिन-लेकी-उन्निन्नी नावाच्या पंडिताच्या नावावर असलेला बारा पाट्यांचा पाठ आला. आपण वाचायचा तो हा. त्याच्या पुष्कळशा प्रती निनवे इथल्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडल्या. मातीच्या ओल्या पाटीवर बोरूने खुणा दाबून लिहिलेली ही कीलाक्षर लिपी. 1872च्या डिसेंबरात ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने लंडनमध्ये त्यातली महापुराची पाटी वाचून दाखवली, तेव्हापासून जगाला हे काव्य कळलं. त्यामुळेच लोक अजूनही पुरापासून सुरुवात करायला बघतात. तसं करू नका. पूर अकराव्या पाटीत येतो आणि तिथे तो दुसऱ्या माणसाची आठवण म्हणून येतो. मित्राचं मरण ऐकून झालेलं नसेल तर ती आठवण कशासाठी सांगितली जाते आहे, हेच कळत नाही.

मूळ काव्य सुमारे 3000 ओळींचं. त्यातलं बरंचसं हाती आलं आहे, पण ठिकठिकाणी खिंडारं आहेत. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या पाट्या जास्त फुटलेल्या आहेत आणि अनुवादक ती भोकं जुन्या बाबिलोनी पाठातून भरून काढतात. अँड्र्यू जॉर्जच्या इंग्रजी अनुवादासारखा, कुठली ओळ कुठून आली ते दाखवणारा अनुवाद समोर ठेवा आणि त्यावरून आपला मराठी पाठ तयार करा. भर घातलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारा. गद्यात गोष्टरूपाने लिहिलेली आवृत्ती घेऊ नका. तिच्यात खिंडारं बुजवलेली असतात आणि पुनरावृत्ती छाटलेली असते, म्हणजे नेमकं जे ऐकवायचं तेच गेलेलं असतं.

पाटी फुटलेली असेल तिथे वाचणाऱ्याने दोन श्वास थांबावं. मोठं खिंडार असेल तर साध्या आवाजात म्हणावं, ‘इथे पाटी फुटली आहे’, आणि पुढे जावं. मनाने ओळी भरू नयेत. पहिल्या दिवशी लोक चुळबुळ करतात, तिसऱ्या दिवसापर्यंत त्या थांबण्याची सवय होते.

कागद, उजेड, पत्रा

कोकणातल्या पावसात कागद मऊ पडतो आणि शाईच्या छपाईची अक्षरं फुटतात. लेझर छपाई घ्या, अक्षर 16 पॉइंटचं, कागदाच्या एकाच बाजूला, आणि पानं प्लास्टिकच्या पाकिटात घाला. वीज जाणार हे धरूनच चाला: चार्ज केलेले दोन कंदील वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवा. पत्र्याच्या छपराखाली बैठक ठेवू नका, सर आली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कौलारू जागा बघा. नसेल तर लहान ध्वनिक्षेपक लागेलच, पण हळू आवाजातल्या ओळींची मजा त्यात निम्मी जाते.

मराठीत सावकाश वाचलेल्या ओळीला सरासरी सात सेकंद लागतात. 300 ओळींची पाटी म्हणजे 35 मिनिटं. एका बैठकीत दोन पाट्यांहून पुढे जाऊ नये. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, षष्ठीला सुरुवात केली तर त्रयोदशीला आठ संध्याकाळी पुऱ्या होतात आणि नारळी पौर्णिमेची तयारी मोकळी राहते. मध्ये सोमवार येतो, त्या दिवशी शंकराच्या देवळात गर्दी असते, म्हणून तासभर उशिरा बसा.

पहिल्या संध्याकाळी पहिली पाटी. दुसऱ्या दिवशी दुसरी आणि तिसरी, तिसऱ्या दिवशी चौथी आणि पाचवी. चौथ्या दिवशी फक्त सहावी. ती 180हून थोड्याच जास्त ओळींची आहे, इश्तार देवीची मागणी आणि स्वर्गातला बैल असा भरगच्च मजकूर आहे, लोक हसतात, बोलतात. बोलू द्यावं, कारण दुसऱ्या दिवशी बोलणं होणार नसतं. पाचव्या दिवशी सातवी पाटी आणि आठवीतला विलाप. सहाव्या दिवशी आठवीचा उरलेला भाग थोडक्यात सांगून नववी. सातव्या दिवशी दहावी, आठव्या दिवशी अकरावी. वेळ कमी पडला तर तिसरी पाटी सारांशाने सांगा. चौथी मात्र पुरी वाचा. तिच्यात दोघे मित्र देवदाराच्या रानाकडे चालले आहेत आणि दर मुक्कामाला त्याच ओळी येतात: वीस कोसांवर भाकरतुकडा मोडला, तीस कोसांवर मुक्काम टाकला. मुळातलं अंतर ‘बेरू’ आहे, म्हणजे दोन तासांची चाल, जवळपास अकरा किलोमीटर. कोस त्याहून बराच लहान, पण मराठी कानाला तोच शब्द बसतो. दर मुक्कामाला एकाला वाईट स्वप्न पडतं आणि दुसरा त्याचा चांगला अर्थ लावून देतो. मैत्री म्हणजे काय ते या पाटीत कुठेही सांगितलेलं नाही. पाच वेळा तेच घडतं, आणि ऐकणाऱ्याला ते पायांनी चालल्यासारखं कळतं.

शब्द निवडताना

अक्कादी भाषेत, म्हणजे या काव्याच्या मूळ भाषेत (बाबिलोनी हे तिचंच रूप), मित्राला ‘इब्रु’ म्हणतात, बरोबरीचा, संगतीने जाणारा. ‘सखा’ म्हटलं की कृष्णार्जुन डोळ्यांसमोर येतात आणि एकाकडे देवपण जातं. हाक मारताना ‘मित्रा’ आणि उल्लेखात ‘सोबती’ हे दोन शब्द पुरतात. वडीलधारी मंडळी निघताना सांगतात की पुढे चालणारा सोबत्याला वाचवतो, ज्याला वाट ठाऊक आहे तो मित्राला जपतो. तिथे ‘सोबती’ चपखल बसतो. तीन पदरी दोर सहजी तुटत नाही, अशी म्हण या काव्यपरंपरेत आहे. तिथे बिनदिक्कत ‘सुंभ’ वापरा, सुंभ वळताना पाहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

सगळीच वाक्यं अशी कोकणात आणू नयेत. एन्किडू रानातून माणसांत येतो तेव्हा धनगर त्याच्यापुढे भाकरी आणि मद्य ठेवतात आणि तो सात पेले पितो. त्या मद्याची माडी करण्याचा मोह होतो. पण माडी झाडावरून उतरते ती आपणच आंबते. तिथलं मद्य सातूला मोड आणून, दळून, आंबवून करायचं, म्हणजे शेत, घर आणि बाईमाणसाचे कष्ट त्यात आले. एन्किडू माणूस होतो तो त्या कष्टांचं खाऊन-पिऊन. माडी म्हटलं की हे सगळं गळून जातं. ‘सातूचं मद्य’ म्हणा. शिदुरी समुद्रकाठी असं मद्य विकते; तिच्या जागेला ‘गुत्ता’ म्हणू नका, ती जाणती बाई आहे. देवदार मात्र खुशाल देवदारच म्हणा, हिमालयातला आणि लेबनॉनमधला वृक्ष एकाच जातकुळीतले.

पाचवी संध्याकाळ

हिची तयारी आदल्या आठवड्यापासून करावी लागते. गावात ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल, विशेषतः समुद्रावर गेलं असेल, त्या घरी स्वतः जाऊन सांगावं की पाचव्या दिवशी मित्राचं मरण आणि सातव्या दिवशी त्याची हकीकत वाचणार आहोत, यायचं की नाही ते तुमच्यावर. फोनवर सांगू नये. बऱ्याचदा तीच माणसं येतात आणि पुढे बसतात.

सातव्या पाटीत एन्किडूला स्वप्न पडतं की दोघांतल्या एकाला मरावं लागेल. तो आधी चिडतो: देवदाराच्या दाराला शाप देतो, पारध्याला देतो, ज्या शम्हतने त्याला माणसांत आणलं तिलाही देतो. शमाश, म्हणजे सूर्यदेव, त्याला वरून समजावतो की तिने तुला भाकरी दिली, गिल्गामेशसारखा मित्र दिला, तेव्हा तो शाप मागे घेऊन तिला आशीर्वाद देतो. वाचणारे इथे शाप रागाने वाचतात आणि आशीर्वाद गोड करतात. दोन्ही एकाच थकलेल्या आवाजात वाचा. माणूस अंथरुणावर पडून बोलतो आहे. मग पाताळाचं स्वप्न: तिथे धूळ हेच अन्न, माती हीच भाकरी, अंगावर पक्ष्यांसारखी पिसं, उजेड नाही. बारा दिवस तो पडून राहतो. आणि नेमका जीव जातो ती जागा, शेवटच्या सुमारे 30 ओळी, पाटीवरून गेलेल्या आहेत.

इथे बैठक संपवली तर माणसं ते खिंडार घेऊन पावसात घरी जातात. ते बरं नाही. दहा श्वास थांबा आणि लगेच आठवी पाटी लावा. तिच्यात पहाट होते आणि गिल्गामेश हेल काढून रडतो. तो स्वतःच म्हणतो की रडायला बोलावलेल्या बाईसारखा मी आक्रोश करीन. मग तो एकेकाला रडायला बोलावतो: देवदाराच्या रानाकडे जाणाऱ्या वाटा, उरुकचे म्हातारे, अस्वल, तरस, बिबट्या, हरणं, उलाय नदी, फरात (युफ्रेटिस) नदी, नांगरणारा, धनगर. प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर छापा आणि नावानंतर थांबा. उलायच्या जागी गावची खाडी घालू नका. परकं नाव असलं की ऐकणारा आपली नदी मनात आपणच घालतो. मग मित्र म्हणजे माझ्या बाजूची कुऱ्हाड, कमरेची कट्यार, तोंडापुढची ढाल असं म्हणत तो छातीला हात लावून बघतो, ठोका नसतो. नवरीच्या तोंडावर घ्यावा तसा मित्राच्या तोंडावर पदर घेतो, बछडी गमावलेल्या सिंहिणीसारखा पुढे-मागे फिरतो, डोक्याचे केस उपटतो. हा तुकडा एकाच वाचणाऱ्याने, बसूनच वाचावा. हातवारे केले की नाटक होतं आणि समोरची माणसं रडण्याऐवजी बघू लागतात. वाचून झाल्यावर चर्चा ठेवू नका. चहा द्या.

अंधार, आणि तीच हकीकत तीनदा

नववीत गिल्गामेश सूर्याच्या वाटेने डोंगराखालून जातो: बारा बेरू काळोख, पुढे उजेड नाही, मागे वळून दिसत नाही. प्रत्येक टप्प्याला जवळजवळ तेच शब्द. दिवे घालवून एका कंदिलावर वाचा आणि आवाज चढवू नका. बाराव्या टप्प्याला रत्नांची बाग येते, तिथे दिवे लावा.

दहावी पाटी खरी कसोटीची. गिल्गामेश आधी शिदुरीला भेटतो, मग नावाडी उर-शनाबीला, मग मरणाच्या पाण्यापलीकडे, महापुरातून वाचून अमर झालेल्या उता-नपिश्तीला. तिघंही जवळजवळ त्याच शब्दांत विचारतात: गाल का बसले, तोंड का उतरलं, लांबच्या वाटसरूसारखा का दिसतोस? आणि तिघांनाही तो तीच हकीकत पहिल्यापासून सांगतो: माझा मित्र, ज्याच्यावर माझा जीव, ज्याने माझ्याबरोबर सगळं सोसलं, त्याला माणसाच्या वाटेने जावं लागलं, सहा दिवस सात रात्री मी रडलो, पुरायला दिला नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. मीही त्याच्यासारखाच आडवा होणार का?

इथे हमखास कात्री लागते. ‘आधी आलंच आहे’ म्हणून दुसरी-तिसरी खेप गाळतात. ज्याने समाचाराला गेलेल्या घरात एक संध्याकाळ काढली आहे त्याने हे करू नये. ओटीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं झालं?’ आणि घरची बाई प्रत्येकाला सकाळच्या चहापासून सांगते. चौथ्या माणसाला ती थोडक्यात सांगत नाही, शब्दही फारसे बदलत नाही. गिल्गामेश तेच करतो. विचारणारे तीन आवाज वेगळे ठेवा, सांगणारा एकच. पहिल्या खेपेला आवाज मोकळा, दुसऱ्यांदा सपाट, तिसऱ्यांदा इतका हळू की मागच्या रांगेने पुढे वाकावं. अळीची ओळ गुळगुळीत करू नका. ‘देह कुजू लागेपर्यंत’ असं लिहिलं की ती वैद्यकीय होते. ‘अळी’ हाच शब्द हवा, आणि नंतर लगेच पुढची ओळ.

शिदुरीचा प्रसिद्ध उपदेश, पोट भरलेलं असू दे, कपडे धुतलेले, डोकं न्हालेलं, हात धरणाऱ्या पोराकडे बघ, बायकोला जवळ घे, हा जुन्या बाबिलोनी पाठातला आहे. बारा पाट्यांच्या पाठात तो नाही. वाचायचा असेल तर ‘हे जुन्या पाठातून’ असं सांगून वाचा. पण तो पाटीच्या शेवटी नेऊ नका. शेवटाला उता-नपिश्तीचे शब्द आहेत: बेटातल्या वेतासारखा माणूस मोडतो, मरणाचं तोंड कुणी पाहत नाही, चतुर नावाचा किडा पाण्यावरून वाहत जातो, सूर्याकडे तोंड करून असतो आणि एकदम काहीच नसतं. त्यावर गोड उपदेश चिकटवला की दोन्ही फुकट.

मरणाच्या पाण्यातून होडी रेटण्याचा प्रसंग खाडीकाठी लगेच उमगतो. पाण्याला हात लागता कामा नये, म्हणून प्रत्येक लांब काठी एकदाच रेटून तिथेच सोडायची. काठ्या संपल्यावर गिल्गामेश वस्त्र काढून आपल्याच हातांवर शिडासारखं धरतो. काठ्यांचा आकडा जुन्या अनुवादांत 120 आणि नव्यांत 300 मिळेल. कुठलाही एकच धरा.

भाकऱ्या

अकराव्या पाटीत उता-नपिश्ती म्हणतो, अमर व्हायचंय ना, मग सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिल्गामेश बसल्या जागी झोपतो. म्हातारा बायकोला रोज एक भाकरी भाजून उशाशी ठेवायला आणि भिंतीवर खूण करायला सांगतो, कारण उठल्यावर हा कबूल करणार नाही. उठतो तेव्हा पहिली वाळून कडक, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथी पांढरी पडलेली, पाचवीवर करडी बुरशी, सहावी ताजी, सातवी अजून निखाऱ्यावर.

हे करून दाखवता येतं. दुसऱ्या संध्याकाळपासून रोज एक तांदळाची भाकरी भाजून ताटात मांडा, भिंतीवर खडूने एक रेघ ओढा. आठव्या दिवशी सातवी भाकरी बैठकीतच तव्यावर असू द्या. एक अडचण येते: श्रावणातल्या दमट हवेत पहिली भाकरी वाळत नाही, तिसऱ्या दिवसापर्यंत हिरवी-काळी होते. पहिल्या दोन भाकऱ्या चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवल्या तर कडक राहतात, बाकीच्या बाहेर जाळीखाली. मुलांचा हात पोचू देऊ नका, नंतर मातीत पुरा. ताट हातोहात फिरवू नका, बुरशी नाकात जाते. समोर ठेवा आणि रेघा मोजा.

त्याच पाटीत पायांना दगड बांधून तळातून आणलेली वनस्पती आहे, आणि गिल्गामेश गार पाण्यात अंघोळ करत असताना ती नेणारा, जाताना कात टाकणारा साप आहे. नागपंचमी नुकतीच झालेली असते, त्यामुळे कुणीतरी सापाला दुष्ट म्हणू का, असं विचारेल. काव्यात त्याला दोष दिलेला नाही. त्याला वास आला आणि त्याने नेली, इतकंच. मनू आणि मत्स्याचा प्रश्नही याच दिवशी येईल. त्याला पाच मिनिटं द्या, अर्धा तास देऊ नका. ‘मग पुढचा जन्म?’ असंही विचारतील. या काव्यात पुनर्जन्म नाही, मोक्ष नाही, पुण्यवानांसाठी वेगळी जागा नाही. हे सरळ सांगा.

शेवटी गिल्गामेश रिकाम्या हाताने परततो आणि नावाड्याला उरुकच्या तटावर चढायला सांगतो: विटा बघ, पाया बघ, एक भाग शहर, एक भाग खजुराची बाग, एक भाग मातीची खाण, अर्धा भाग इश्तारचं देऊळ. पहिल्या पाटीच्या सुरुवातीला हेच शब्द होते. ते पहिल्या दिवशी ज्याने वाचले त्यानेच, त्याच गतीने वाचावेत.

बारावी पाटी या आठवड्यात घेऊ नका. ती एका सुमेरी काव्याच्या उत्तरार्धाचा अक्कादी अनुवाद आहे आणि तिच्यात एन्किडू सुरुवातीला जिवंत असतो, त्यामुळे ऐकणारे गोंधळतात. ती पितृपक्षात, घरोघरचे म्हाळ चालू असताना, एका संध्याकाळी वेगळी वाचा. तिच्यात एन्किडूचं भूत वर येतं आणि गिल्गामेश त्याला खाली पाहिलेल्या एकेकाबद्दल विचारतो: एक मुलगा असलेला कसा आहे, सात मुलं असलेला कसा आहे. बाबिलोनमध्येही घरच्या मेलेल्यांना पाणी आणि भाकर ठेवायची रीत होती, तिला ‘किस्पु’ म्हणत. एवढं आधी सांगून ठेवा. शेवटचा प्रश्न असतो, ज्याला ठेवणारं मागे कुणीच नाही त्याला पाहिलंस का? एन्किडू म्हणतो, पाहिलं, तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले भाकरीचे तुकडे खातो. पाटी तिथेच संपते.